आप्पांचा घाटातला वाडा

"झोपता कुठल्या कुशीवर?"

शिक्रापूरला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न हा. गाव कुठलं, कंपनी कुठली, लग्न झालंय का, खोलीत मटण शिजवणार का, या सगळ्याची उत्तरं मी बसमध्ये घोकून आलो होतो. याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. झोपलेला माणूस कुठल्या कुशीवर आहे हे त्याचं त्याला कसं कळावं? मी तसं बोलून दाखवलं, तर म्हातारा एकदम खूश झाला.

"म्हंजी झोप लागती तुमाला. ऱ्हावा."

माझ्या आधी आलेल्या एकानं छातीठोकपणे "उजव्या" म्हणून सांगितलं होतं, त्याला म्हणे दारातूनच परत पाठवलं. "ज्याला ठावं हाय त्यो जागाच आसतो, आन् जागा माणूस दुसऱ्याला झोपू देत न्हाई," हे त्याचं कारण. नव्वदीचं दशक सरत आलं होतं. हायवेच्या दोन्ही अंगांना कंपन्या उभ्या राहत होत्या, खोली मिळायची मारामार होती, आणि इथं एक माणूस कुशीवरून भाडेकरू निवडत होता. मी मुळातला भोचक. अशा माणसाच्या चाळीत खोली मिळाली म्हणजे माझी करमणुकीची सोय झाली, असं मला वाटलं आणि ते खोटं ठरलं नाही.

सगळे त्यांना आप्पा म्हणत. जातीनं धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर घाट चढून वर यायचं, असं त्यांचं निम्मं आयुष्य गेलेलं. पुढं त्यांच्या वाट्याच्या खडकाळ माळाला हायवेमुळं भाव आला, मेंढरं विकली गेली, आणि जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं तिथं खोल्यांच्या दोन रांगा उगवल्या. सदरा, धोतर, डोक्याला तांबडा फेटा आणि पायात कुणा भाडेकरूनं सोडून दिलेले कंपनीचे सेफ्टी शूज, असा त्यांचा अवतार. त्या बुटांवर त्यांचा भारी जीव. "आपल्या पायावर धोंडा मारून घेतला तरी लागत न्हाई," असं म्हणून ते खरोखर धोंडा मारून दाखवायचे.

इतक्या खोल्यांचा हा मालक स्वतः मात्र एकाही खोलीत झोपायचा नाही. दोन रांगांच्या मधल्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ घोंगडं टाकून उघड्यावर पडायचा. थंडी असो, डास असोत. थर्ड शिफ्टला जाणारे-येणारे त्यांना ओलांडून जायचे. ते डोळे न उघडता म्हणायचे, "डावीकडनं जावा." आक्का, म्हणजे त्यांची बायको, मात्र पुढच्या पक्क्या घरात आतून दोन कड्या आणि वर एक अडसर लावून झोपायच्या. मेंढरं विकली त्या दिवशी आक्कांनी एकच अट घातली होती म्हणे, की आता दार लावून झोपायचं. आप्पांनी त्यांना दार करून दिलं, पण स्वतः दाराबाहेर राहिले.

हायवेवर ट्रक थांबला की आप्पा तिकडं निघालेच. माल काय, कुठून आला, कुठं चालला, यात त्यांना रस नसे. "कल रात कू किधर बसा था?" एवढंच विचारायचं. ड्रायव्हर लोक आधी बिचकायचे, त्यांना हा पोलिसांचा माणूस वाटायचा. मग कळायचं, की म्हातारा नुसता मुक्कामाची जागा विचारतोय. पाणी होतं का, आडोसा होता का, कुत्री होती का. एखाद्यानं चांगली जागा सांगितली की आप्पांचा चेहरा लग्नातलं जेवण ऐकल्यासारखा व्हायचा. शिक्रापुरात इंच इंच जागेचं भाडं वसूल होत असताना त्यांनी हायवेकडचा एक तुकडा मोकळा ठेवला होता, कुणीही ट्रक लावावा आणि त्याखाली झोपावं म्हणून. लोक त्यांना येड्यात काढायचे. आप्पा म्हणायचे, "खोली मोजून देता येती. झोप काय मोजून देणार?"

पण या सगळ्याहून मला कोडं होतं ते त्यांच्या शनिवारचं.

दर शनिवारी सकाळी आप्पा आपल्या एम-एटी दुचाकीला मागं ताडपत्री, घोंगडं आणि एक गच्च बांधलेलं गाठोडं लावायचे. मग पुढच्या घराच्या दाराशी जाऊन विचारायचे, "येती का?" आतून आक्का, जे काम चाललं असेल ते न थांबवता म्हणायच्या, "न्हाई." झालं. आप्पा किक मारायचे आणि निघून जायचे ते रविवारी दुपारी परत. माझी खोली त्या दाराला लागून होती, त्यामुळं हा संवाद मी कायम ऐकायचो. भांडण नाही, समजूत नाही. एक प्रश्न आणि एक उत्तर. एखादी बाई न चुकता 'नाही' म्हणते हे माहीत असताना माणूस न चुकता का विचारतो, हे मला समजेना.

कुठं जातात, हे मात्र सगळ्या चाळीला माहीत होतं. आप्पा स्वतःच सांगायचे, "वरंध्याच्या घाटात आपला वाडा बसतो." त्यावरून चाळीत वाड्याच्या कथा सुरू झाल्या. कुणी म्हणे चौसोपी आहे, कुणी म्हणे तिथं दुसरं बिऱ्हाड आहे, म्हणूनच आक्का जात नाहीत. माझ्या शेजारच्या खोलीत बिहारचा एक वेल्डर होता. तो म्हणायचा, "मालिक का पहाड़ में बाड़ा है." आम्ही त्याला हसून दुरुस्त करायचो, अरे बाड़ा नाही, वाडा म्हण. तो बापडा ओठ आवळून 'व' म्हणायचा प्रयत्न करायचा.

शेवटी मला राहवेना. एका शुक्रवारी आप्पांना गाठून म्हटलं, "आप्पा, वाडा बघायला येऊ का?"

"या की. पर लई सामान आणू नका."

कुणाच्या वाड्यावर पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? मी इस्त्रीचा शर्ट घेतला, तिथल्या मंडळींसाठी पेढे घेतले आणि माझी सेकंडहँड मोटारसायकल काढली. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता. वाटलं होतं पुण्यावरून जाऊ. आप्पांनी गाडी न्हावऱ्याकडं वळवली. न्हावरे, चौफुला, मोरगाव, नीरा, शिरवळ, भोर, असा सगळा वळसा.

चौफुल्याला चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "पुण्यावरनं लवकर पोचलो असतो की."

"पुण्यातनं मेंढरं न्हेता येत्यात का?"

"पण आपल्याकडं मेंढरं कुठायत?"

"त्ये रस्त्याला काय ठावं?" आप्पा म्हणाले आणि बशीतला चहा संपवून उठले.

घाटमाथ्यावरचं देऊळ आणि भज्यांच्या टपऱ्या मागं टाकून दोन वळणं उतरल्यावर आप्पांनी गाडी रस्त्याकडेच्या एका सपाट तुकड्यावर घेतली. एका बाजूला डोंगराची भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा आणि कठड्यापलीकडं खाली सगळं कोकण. आप्पांनी बूट काढले. दरीकडं तोंड करून, शेजारच्या घरात हाक मारावी तसे ओरडले, "बसू का?" आणि गप उभे राहिले.

"कुणाला विचारताय?"

"कुणाला म्हंजी? जागा फुकट आसती म्हून काय बेवारस आसती का?"

"पण उत्तर कोण देणार?"

"न्हाई म्हनायचं आसंल त्यो दील की." थोडा वेळ वाट बघून, कुणी नाही म्हणालं नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी ताडपत्री सोडली.

मी इकडं-तिकडं बघत होतो. "आप्पा, वाडा कुठंय?"

"ह्यो काय," ताडपत्रीचं टोक दगडाखाली दाबत आप्पा म्हणाले.

मी दौंड तालुक्यातल्या वरवंडचा. आमच्या रानात दर वर्षी मेंढरं मुक्कामाला बसायची, आणि ती बसतात त्याला वाडा म्हणतात हे मला लहानपणापासून माहीत. पण दोन रांगा खोल्या असलेल्या मालकाच्या तोंडून वाडा ऐकला की माणसाला दिंडीदरवाजाच दिसतो. हिंदीतला बाड़ा म्हणजे जनावरं कोंडायची जागा; चाळभर लोकांत एकटा तो वेल्डर बरोबर बोलत होता, तेही त्याला 'व' म्हणता येत नव्हता म्हणून. पेढे माकडांनी नेले. इस्त्रीचा शर्ट मी पिशवीतून काढलाच नाही.

तेवढ्यात पुण्याकडची एक मोटार थांबली. काच खाली करून एका गृहस्थांनी विचारलं, "इथं राहायची काही सोय आहे का हो?"

"हाय की," म्हणून आप्पांनी हात लांब केला आणि या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत फिरवला. "कुठंबी."

काच वर गेली आणि मोटार निघून गेली. "लोकास्नी आयकून घ्यायचंच नसतं," आप्पा नाराज होऊन म्हणाले.

मग त्यांनी ते गाठोडं सोडलं, आणि मी गेले कित्येक शनिवार ज्याचा विचार करत होतो ते त्यातून बाहेर पडलं. परात, तवा, बाजरीचं पीठ आणि मिठाची पुडी. आप्पांनी तीन दगड मांडले, काटक्या घातल्या, काडी ओढली. दरीतून येणाऱ्या वाऱ्यानं ती विझवली. दुसरी ओढली, तीही विझली. फेट्याचं टोक आडवं धरून, पोटावर पालथं पडून, फुंकून फुंकून डोळे लाल झाल्यावर चूल कशीबशी पेटली. मग भाकरी. पाणी जास्त झालं म्हणून पीठ घातलं, पीठ जास्त झालं म्हणून पाणी. थापलेली भाकरी परातीतून उचलताना मोडली. दुसरी तव्यावर मोडली. तिसरी तव्यावर गेली ती तव्याचीच झाली.

"घरून बांधून आणायच्या की," मी म्हटलं.

आप्पा तवा खरवडत होते. मग म्हणाले, "बिऱ्हाड बायका फुडं न्यायच्या, घोड्यावर घालून. आमी मेंढरं घिऊन मागनं, रानारानानं. दिस मावळताना पोचायचो तवा पाल ठोकल्यालं, चूल पेटल्याली, भाकरी तयार. इतकी वरसं ह्यो घाट आमी उतरलो आन् चढलो, पर ती आन् मी मिळून एकदा बी न्हाई. ती फुडं, मी मागं."

"म्हणून विचारता होय, येती का म्हणून?"

"एकदा तिला हितं आणून बसवायची हाय. बसवायची म्हंजी नुसती बसवायची. समदं मी करणार. त्याचीच प्रॅक्टिस चाललीया." प्रॅक्टिस हा शब्द त्यांनी चाळीतल्या क्रिकेटवाल्या पोरांकडून उचलला होता.

"मग सांगा की त्यांना तसं."

"काय सांगू? भाकरी मोडती आजून." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला. "आन् ह्ये आता किक मारू देईनात. आवंदा आली तर आली. ती न्हाई म्हनली की वाईट वाटतं बघा. आन् जरा बरं बी वाटतं."

त्या संध्याकाळी आम्ही भाकरीचे तुकडे दुधातल्यासारखे आमटीत कालवून खाल्ले. आमटी टपरीवरून आणली होती.

सोमवारी सकाळी नळावर आक्कांनी मला गाठलं. एरवी त्या भाडेकरूंशी कामापुरतं बोलायच्या. आज घागर भरून वाहायला लागली तरी उचलेनात.

"तुमी गेला हुता न्हवं? काय करत्यात वं ह्ये तिथं?"

मला कुणी गप्प राहायला सांगितलं नव्हतं, आणि पोटात काही ठेवायची मला सवय नाही. "भाकरी थापतात," मी म्हटलं.

"कोण?"

"आप्पा."

आक्कांनी माझ्याकडं नीट बघितलं, मी चेष्टा करतोय का म्हणून. मग तोंडात पदराचा बोळा घालून त्या जी हसायला लागल्या, ती घागर कलंडली. "आवं, ह्यास्नी चुलीत लाकूड कुठल्या अंगानं घालत्यात त्ये ठावं न्हाई! कशा व्हत्यात?"

"मोडतात."

"मोडणारच," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसत घरात गेल्या. दिवसभर मधूनच आतून हसण्याचा आवाज यायचा.

पुढच्या शनिवारी मी मुद्दाम दात घासत दारात उभा राहिलो. आप्पांनी गाडीला सामान बांधलं, दाराशी गेले आणि विचारलं, "येती का?"

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग आक्का म्हणाल्या, "येती. पर मी काडी हालवणार न्हाई."

आप्पा तसेच माघारी आले, एम-एटीवर बसले आणि किक मारायचंच विसरले. त्यांच्या तोंडावर आनंद म्हणावा तर तो नव्हता. बोर्डाच्या परीक्षेचा पेपर हातात पडल्यावर पोरं जशी दिसतात तसे ते दिसत होते. मला म्हणाले, "पाव्हणं, तुमी बी चला. काय चुकलं तर आसावं कुणीतरी."

आक्कांनी दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि सरळ माझ्या गाडीवर येऊन बसल्या. "ह्येंच्या मागं न्हाई बसायची. मेंढरामागं चालल्यागत गाडी चालवत्यात." वाटेत त्यांचं लक्ष फक्त पुढं चाललेल्या आप्पांच्या सामानावर. घोंगडं सुटलंय, हाळी मारा. दोर ढिला पडलाय. भोर सोडल्यावर डाव्या अंगाला धरणाचं पाणी दिसायला लागलं, मी म्हटलं, "आक्का, पाणी बघा." त्या म्हणाल्या, "परात वाजतीया, आयकू येती का?"

घाटात त्या सपाट तुकड्यावर उतरलो, तशा आक्का कुणाशी काही न बोलता डोंगराच्या भिंतीकडं चालू लागल्या. तिथं कातळाच्या पोटात एक खोलगट आडोसा होता. वारा नाही, ओल नाही, तीन बाजूंनी बंद. मागच्या खेपेला तो मला दिसलाही नव्हता. आक्कांनी पायाच्या अंगठ्यानं जमीन चाचपली, वाकल्या आणि एक दगड उचलला.

"आगं, तिकडं न्हाई!" आप्पा ओरडले. "ठेव त्यो दगड. आज तू पाव्हणी हाईस. हिकडं बस."

आक्कांनी हातातल्या दगडाकडं बघितलं. तो आपण कधी उचलला हे त्यांनाच कळलं नसावं. त्यांनी तो खाली ठेवला आणि आप्पांनी कठड्याजवळ घातलेल्या घोंगड्यावर येऊन बसल्या, दरीकडं पाठ करून, आप्पांकडं तोंड करून. त्या तमाशा बघायला आल्या होत्या.

तमाशा झालाही. आप्पा "बसू का?" ओरडले तेव्हा आक्का हसल्या. मग चूल पेटेना. आज वारा जरा जास्तच होता. काडी ओढायची, विझायची. आक्कांची बोटं मांडीवर चाळवायला लागली. "आवं, जरा..." "गप. तू बोलायचं न्हाई." धूर झाला, जाळ होईना. कसाबसा जाळ धरल्यावर आप्पांनी पीठ घेतलं आणि घाईघाईत पाणी ओतलं. आक्कांच्या तोंडून "आई गं" निघून गेलं. मला तर त्यांच्याकडं बघवेना. इतक्या शनिवारांची मेहनत डोळ्यांदेखत मातीत चालली होती आणि ज्या माणसासाठी ती केली तेच माणूस समोर बसून बघत होतं.

आक्कांना ते कळलं असावं. त्यांचं हसू केव्हाच गेलं होतं. "मला न्हाई बघवत," असं पुटपुटून त्यांनी बसल्या जागी अंग फिरवलं आणि चुलीकडं पाठ केली.

दिवस मावळायला आला होता. खाली डोंगरामागं डोंगर, त्यामागं आणखी डोंगर, जितके लांब तितके निळे. त्यांच्या मधल्या खाचरांत छोटी छोटी गावं, आणि गावांतून वर येणारा चुलींचा धूर. आम्ही आलो तोच रस्ता पुढं वळणं घेत पार तळापर्यंत उतरलेला.

आक्का उठल्या. कठड्याजवळ गेल्या आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मला आधी वाटलं, त्यांना बरं वाटत नसेल.

"आवं," त्या म्हणाल्या.

"काय?" आप्पा खेकसले. दोन मोडून तिसरी भाकरी त्यांच्या हातावर होती. "मीठ ऱ्हायलं व्हय?"

"हे समदं कवापास्नं हाय हितं?"

आप्पांना हसू फुटलं. "कवापास्नं म्हंजी? आपून येत हुतो तवा बी हुतंच की."

आक्का हसल्या नाहीत. वळल्याही नाहीत.

"मला कुणी सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या.

त्यात तक्रार नव्हती. एखादी गोष्ट राहून गेली असं सांगावं इतक्या साध्या आवाजात त्या बोलल्या. मी त्या आडोशाकडं बघितलं, जिथं इतकी वर्षं त्यांची चूल पेटत आली होती. तिथं बसलेल्या माणसाला समोर फक्त दगड दिसतो.

आप्पांच्या तळहातावरची भाकरी हळूहळू लोंबायला लागली होती. त्यांनी ती परातीत ठेवली. पिठाचे हात धोतराला पुसले, गुडघ्यावर हात देऊन उठले आणि जाऊन आक्कांच्या शेजारी उभे राहिले. मागं चूल विझली. मग त्यांनी अजून पीठ लागलेलं बोट लांब केलं.

"त्यो बघ," ते म्हणाले, "त्यो उंच दिसतो न्हवं, त्याच्या बगलंनं आमी मेंढरं उतरवायचो. तितं खाली पाणी लागतं. कोल्हं बी लई तितं."

"आन् त्यो?" आक्का म्हणाल्या.

"त्यो व्हय? त्याच्या पल्याड आपला फुडला मुक्काम आसायचा."

"आन् त्यो?"